धुण्याचा ढीग साचू नये म्हणून: घाईच्या घरासाठी कपडे धुण्याच्या कामाच्या गोष्टी

मशीन आलं म्हणजे धुण्याचं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं, आणि तरी बाथरूममध्ये न धुतलेल्यांचा ढीग, खुर्चीवर धुतलेल्यांचा ढीग आणि दोरीवर परवापासून वाळून कडक झालेले कपडे, हे काही चुकत नाही. कारण मशीन फक्त मधलं काम करतं. कपडे वेगळे करणं, खिसे बघणं, डाग शोधणं हे आधीचं, आणि वाळत घालणं, काढणं, घड्या घालणं, कपाटात ठेवणं हे नंतरचं, ते सगळं अजून आपल्याच गळ्यात आहे. वेळ तिथेच जातो. म्हणून वेळ वाचवायचा तर तो तिथे वाचवायचा, सगळं कोंबून क्विक वॉश दाबल्याने काही वाचत नाही, उलट अर्धे कपडे परत धुवावे लागतात.

कपडे अंगातून काढतानाच निम्मं काम करून टाका

एक मोठी टोपली काढून टाका आणि तिच्याजागी दोन किंवा तीन छोट्या ठेवा. एक पांढऱ्या-फिकट कपड्यांची, एक गडद कपड्यांची, जागा असेल तर तिसरी टॉवेल-चादरींची. जो कपडा काढेल त्यानेच तो योग्य टोपलीत टाकायचा, बास, घरातल्या लहान मुलालाही काळं आणि पांढरं कळतं. मग धुवायच्या दिवशी जमिनीवर ढीग पसरून निवडत बसायची भानगड राहत नाही, जी टोपली भरली ती उचलायची आणि मशीनमध्ये रिकामी करायची.

टॉवेल वेगळे का, तर एकतर त्यांचे धागे सुटतात आणि काळ्या पँटवर पांढरी लव बसते, आणि दुसरं म्हणजे ओला टॉवेल जड होतो, पातळ कपडे त्याच्याखाली दाबले जातात, शिवाय वाळायलाही तो सगळ्यात जास्त वेळ घेतो. जीन्स आणि नाजूक ब्लाऊज एकत्र टाकले की ब्लाऊजचं जे होतं ते सांगायला नको.

खिसे मात्र टोपलीत टाकण्याआधीच बघायची सवय लावा. नाणं परवडलं, टिश्यू पेपर नाही. एका टिश्यूचे एवढे कण होतात की अख्ख्या लोडवरून ते वेचत बसावं लागतं. तसं झालंच तर ओल्यावर खरवडत बसू नका, कपडे वाळू द्या आणि मग जोरात झटका, बरेचसे निघून जातात.

उलटे काढलेले कपडे सरळ करण्यावरून घरोघरी वाद होतात, त्यात माझं मत उलटे टाकणाऱ्यांच्या बाजूने आहे. गडद रंग, जीन्स, छापील टीशर्ट हे सगळं उलटं करूनच धुवायला हवं, कारण घासलं जायचं ते आतल्या बाजूने जावं, आणि घामाचा मळही आतच असतो. वाळतही उलटंच घाला. सरळ करायचं ते घडी घालताना. मोजे मात्र बोळा करून टाकलेले असतील तर उघडा, बोळ्याच्या आत पाणीच नीट पोचत नाही. चेन लावून घ्या म्हणजे दुसऱ्या कपड्यात अडकणार नाही, ब्राचे हूक लावा, शर्टाची बटणं मात्र मोकळी ठेवा नाहीतर काजांवर ताण येतो. मोज्यांसाठी आणि आतल्या कपड्यांसाठी प्रत्येकाची एक जाळीची पिशवी ठेवली की एकुलते मोजे शोधायचं काम बंद. मोजे पिशवीत टाकायचे, पिशवी मशीनमध्ये जाते, पिशवीच बाहेर येते.

आणि मुळात सगळंच रोज धुवायला लागतं का हा प्रश्न विचारा. आतले कपडे, मोजे, व्यायामाचे कपडे, घाम आलेले शर्ट, हे एकदा घातले की धुवायलाच हवेत. पण जीन्स, स्वेटर, जॅकेट एकदा घातलं म्हणून टोपलीत जायची गरज नाही, हवेशीर जागी रात्रभर टांगा आणि परत घाला. टॉवेल तीन-चार वापरांनंतर चालतो, अट एकच, प्रत्येक वेळी पसरून वाळवायचा. बऱ्याच घरात "अर्धवट वापरलेले" कपडे खुर्चीवर साठतात आणि शेवटी कंटाळून सगळेच धुवायला टाकले जातात, त्यांच्यासाठी दाराच्या मागे दोन-चार हूक ठोका.

रोज एक लोड की सुट्टीच्या दिवशी सगळं?

चार-पाच माणसांच्या घरात, विशेषतः लहान मुलं असतील तर, रोज किंवा एक दिवसाआड एक लोड बरा पडतो. सुट्टीच्या दिवशी चार लोड लावले की धुऊन होतात पण वाळत घालायला दोरी पुरत नाही आणि घड्या घालायला जीव पुरत नाही. एकट्यादुकट्याचं गणित वेगळं, त्यांनी आठवड्यातले दोन दिवस ठरवून टाकावेत.

एक नियम पाळा. मशीन संपेल तेव्हा वाळत घालायला माणूस घरात नसेल तर मशीन लावायचंच नाही. सकाळी निघताना घाईघाईत लावलेला लोड संध्याकाळपर्यंत ओला पडून राहतो, आणि तो जो कुबट वास येतो तो साबण कमी पडल्याचा नसतो. जपानमधल्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं की धुतलेल्या कपड्यांच्या या वासामागे मोरॅक्सेला नावाचे बॅक्टेरिया असतात, ते धुण्यातून आणि वाळण्यातूनही टिकतात आणि कपडा पुन्हा ओला झाला की कामाला लागतात. म्हणूनच कपाटातून काढला तेव्हा टॉवेल छान असतो आणि तोंड पुसलं की वास येतो. उपाय म्हणजे मशीनमधलं डिले बटण. रात्री कपडे आणि साबण भरून ठेवा आणि मशीन सकाळी तुम्ही उठता त्या सुमाराला संपेल असा टायमर लावा. बहुतेक मशीनवर हे बटण असतं, वापरत मात्र कुणी नाही.

साबण कमी, जागा जास्त

जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ हा समज काही केल्या जात नाही. फ्रंट लोड मशीनमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात आणि एकमेकांवर घासले जातात, मळ निघतो तो त्यातूनच. फेस जास्त झाला की तो कपड्यांमध्ये गादीसारखा बसतो, आपटणं-घासणं कमी होतं, खंगाळताना तो सगळा निघतही नाही आणि उरलेल्या साबणावर पुढचा मळ आणखी चिकटतो. फ्रंट लोडला कमी फेसाचाच साबण हवा, बादलीत धुवायची साधी पावडर त्यात टाकू नका.

आपण जास्त टाकतोय का हे बघायचं असेल तर एक धुतलेला टॉवेल घ्या, बादलीभर गरम पाण्यात साबण न घालता टाका आणि हाताने चांगला खळबळा. पाणी गढूळ, बुळबुळीत झालं, वर फेस आला, तर तो सगळा आधीच्या धुण्यांचा उरलेला साबण. मग काही आठवडे साबण निम्म्यावर आणा, फरक कडकपणातच कळेल. पाणी जड असेल तर थोडा जास्त साबण लागतो हे खरं, कारण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचं काम अडवतं, पण तेव्हाही पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेलं माप बघा, अंदाजे ओतू नका.

भरायचं किती, तर फ्रंट लोडमध्ये कपडे टाकल्यावर वरून हात सहज आत सरकायला हवा. टॉप लोडमध्ये कपडे सैल टाकून पाऊण टबापर्यंत. दाबून बसवायला लागतायत म्हणजे झालं ते जास्त. एकच जड चादर किंवा एकच ब्लँकेट टाकलं तर उलटा त्रास होतो, पिळताना वजन एका बाजूला जातं आणि मशीन थडथड नाचतं किंवा पिळतच नाही, सोबत दोन-तीन टॉवेल टाका.

पावडर की लिक्विड, याचं उत्तर कपड्यावर आहे. पांढऱ्यांना चांगली पावडर बरी, कारण बऱ्याच पावडरींमध्ये ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेटसारखं डाग उडवणारं द्रव्य) असतं, लिक्विडमध्ये ते सहसा टिकत नाही म्हणून नसतं. रंगीत आणि तेलकट कपड्यांना, आणि थंड पाण्याला, लिक्विड बरं, पावडरचे पांढरे पट्टे राहत नाहीत. पॉड (साबण भरलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या पुड्या) वापरत असाल तर ते कपड्यांच्या आधी थेट ड्रममध्ये टाका, ड्रॉवरमध्ये नाही, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे उंचावर ठेवा, ते गोळीसारखे दिसतात आणि मूल थेट तोंडात घालतं.

पाण्याचं तापमान. मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, आणि रोजच्या कपड्यांना 30 किंवा 40 डिग्री पुरतं, हल्लीच्या साबणातले एन्झाइम (मळ तोडणारे घटक) त्या तापमानाला व्यवस्थित काम करतात. 60 डिग्री ठेवा आजारी माणसाच्या चादरी, अभ्रे, किचनमधली फडकी आणि टॉवेल यांच्यासाठी, धुळीची ॲलर्जी असेल तर अंथरुणासाठीही, कारण धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) त्या तापमानाला मरतात. लेबलवर टबाच्या चित्रात जो आकडा असतो तो जास्तीत जास्त चालेल असा आकडा असतो, तेवढंच ठेवा असं सांगणारा नाही. टबावर फुली म्हणजे पाण्यात धुवायचंच नाही, टबात हात म्हणजे हाताने, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. एवढी चार चित्रं पाठ असली की काम भागतं.

क्विक वॉश वाईट नाही, पण तो थोड्या आणि कमी मळलेल्या कपड्यांसाठी आहे. आणि इको प्रोग्रॅम तीन तास चालतो म्हणून वीज जास्त खातो असं समजू नका, तो पाणी कमी तापवतो आणि त्याऐवजी कपडे जास्त वेळ भिजत-फिरत ठेवतो.

डाग: कुठलं पाणी, हे आधी ठरवा

डागाच्या बाबतीत घाई कामाची, पण घाईत चोळणं नाही. चोळलं की डाग पसरतो आणि धाग्यात आत जातो. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग मागच्या बाजूने पाणी सोडा म्हणजे डाग आला त्या वाटेने बाहेर ढकलला जातो.

रक्त, दूध, अंडं, घाम म्हणजे प्रोटीनचे डाग, यांना थंडच पाणी. गरम पाण्याने प्रोटीन घट्ट होऊन धाग्याला धरून बसतं आणि मग निघता निघत नाही. रक्ताचा डाग लगेच थंड पाण्याखाली धरा, राहिला तर पांढऱ्या सुती कपड्यावर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब थेंब टाका, फसफसेल, टिपून घ्या, परत टाका. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा, रंग उडू शकतो.

तेल आणि ग्रीस याच्या नेमकं उलट. पाणी लावायच्या आधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कोरड्या डागावर टाकायचा, बोटाने हलकेच पसरवायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा आणि मग कपड्याला चालेल तेवढ्या गरम पाण्याने धुवायचा. शर्टाच्या कॉलरचा काळा पट्टा हाही मुळात त्वचेचं तेलच असतं, त्यामुळे ब्रशने घासून कॉलर झिजवण्यापेक्षा हाच उपाय करा, कॉलर उघडून सपाट करायची, पट्ट्यावर लिक्विड लावायचं आणि मशीन भरेपर्यंत तसंच ठेवायचं.

चहा, कॉफी, फळांचे रस यांना ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटवाली पावडर, कोमट किंवा गरम पाण्यात विरघळवून काही तास भिजत घालायचं. गार पाण्यात ही पावडर फारसं काही करत नाही. लोकर आणि रेशीम मात्र यात नाही. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि माणूस घाबरतो, घाबरू नका, साबणातल्या अल्कलीने हळदीचा रंग तसा बदलतो, धुतल्यावर परत पिवळा होतो. धुऊन ओला कपडा थेट उन्हात टाका, हळदीतला रंग उन्हाने विरतो, एका उन्हात नाही गेला तर दुसऱ्या उन्हात जाईल.

बॉलपेनच्या शाईला अल्कोहोल. डागाखाली जुनं फडकं ठेवा, कापसावर सॅनिटायझर घेऊन वरून टिपत राहा, शाई खालच्या फडक्यात उतरते, फडकं सरकवत राहा नाहीतर तीच शाई परत वर येते. चिखलाला मात्र हातच लावू नका, पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मग धुवा. काखेतले पिवळे डाग बहुतेकदा घाम आणि डिओमधल्या ॲल्युमिनियमचे, त्यावर क्लोरीनवालं ब्लीच ओतलं तर ते आणखी पिवळे होऊ शकतात, तिथेही ऑक्सिजन ब्लीचच.

डाग गेला नाही तोवर इस्त्री नाही आणि ड्रायर नाही. उष्णतेने डाग पक्का होतो.

क्लोरीन ब्लीचबद्दल एक गोष्ट मस्करीत घेऊ नका. ते व्हिनेगर, टॉयलेट क्लीनरसारख्या ॲसिडवाल्या वस्तूंत किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. लोकर, रेशीम आणि स्ट्रेच कपडे यांच्यावरही ते वापरायचं नाही, धागा खराब होतो.

रंग सुटणारे कपडे

नवा गडद कपडा पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळा, थंड पाण्यात. खात्री नसेल तर आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून त्यावर पांढरं फडकं दाबा, रंग उतरला की कळलं. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगतात, दुकानातून आणलेल्या तयार कपड्याचा रंग असा पक्का होत नाही. आणि पांढऱ्यांना गुलाबी रंग लागलाच तर वाळवू नका, ओले असतानाच ऑक्सिजन ब्लीचच्या पाण्यात बुडवा, बरेचदा निघतो. वाळल्यावर अवघड.

टॉवेलला सॉफ्टनर नको. त्याचा थर बसतो आणि टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. व्यायामाच्या कपड्यांना आणि मायक्रोफायबरच्या फडक्यांनाही नको.

वाळत घालणं

इथे केलेली पाच मिनिटांची मेहनत इस्त्रीची अर्धी कटकट वाचवते. शर्ट मशीनमधून काढला की खांद्याला धरून दोनदा जोरात झटका, कॉलर आणि बटणपट्टी बोटांनी ओढून सरळ करा, बाह्या खाली खेचा आणि थेट हँगरवर घाला, वरचं बटण लावा. वाळला की तोच हँगर कपाटात. घडी नाही, इस्त्रीही बहुतेकदा नाही. टीशर्ट खालच्या कडेला चिमटे लावून टांगा, खांद्यावर चिमट्यांचे कान येत नाहीत. पँट कमरेकडून. स्वेटर कधीच टांगू नका, ओल्या वजनाने लोंबतो, टॉवेलवर सपाट पसरा.

कपडे एकमेकांना चिकटून घातले तर कितीही ऊन असो, मधे दमटच राहणार. दोन कपड्यांत हवा जाईल एवढी जागा ठेवा. घरात वाळवायचे असतील तर खिडकी उघडी आणि पंखा कपड्यांच्या दिशेने, वाळवतं ते वाहतं वारं. दोरी कमी पडत असेल तर लांब-आखूड कपडे आलटून पालटून घाला. पिळण्याचा स्पीडही बघा, टॉवेल-जीन्स-सुती चादरींना 1200 च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दिला तर निम्मं पाणी मशीनमध्येच जातं, नाजूक कपड्यांना मात्र कमी. रंगीत कपडे सावलीत आणि उलटे, पांढरे सुती बिनधास्त उन्हात.

ड्रायर असेल तर जाळीवरची लव प्रत्येक लोडनंतर काढा, लव साठली की कपडे वाळायला वेळ लागतो आणि आग लागण्याचा धोकाही असतो.

काढताना घड्या घालत काढा. दोरीवरून कपडा उतरवला, तिथेच घडी, आणि ज्याचा त्याच्या नावाच्या टोपलीत किंवा पिशवीत. कपाटात ठेवणं ज्याचं त्याने. आतले कपडे, घरातले पायजमे, मुलांचे रात्रीचे कपडे यांच्या नीट घड्या घातल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलंय, खणात तसेच टाका. चादर-अभ्र्यांचा सेट त्याच सेटच्या एका अभ्र्यात भरून ठेवला की बदलायच्या वेळी शोधाशोध नको. इस्त्रीचे कपडे किंचित ओलसर असतानाच काढा, पूर्ण वाळलेल्या सुती शर्टावर इस्त्री फिरवणं म्हणजे दुप्पट वेळ.

मशीनलाही कधीतरी धुवा

लोड संपला की दार आणि साबणाचा ड्रॉवर उघडा ठेवा (घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर फट ठेवा आणि सुरू करताना आत बघा). फ्रंट लोडच्या दाराभोवतीचं रबर दुमडून आतली घडी कोरड्या फडक्याने पुसा, केस, नाणी, काळी बुरशी सगळं तिथेच असतं. महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर चालवा, टब क्लीनचा प्रोग्रॅम असेल तर तो. जड पाण्याचा पांढरा थर असेल तर मशीनचा डीस्केलर किंवा सायट्रिक ॲसिड वापरा, त्याच वेळी ब्लीच टाकू नका. खाली पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं त्यामागे पंपाचा फिल्टर असतो, मशीन पाणी काढत नसेल तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी तो बघा. स्विच बंद करा, आत गरम पाणी असेल तर गार होऊ द्या, खाली जुना टॉवेल आणि पसरट ताट ठेवा, फिल्टर हळूहळू सैल करा, एकदम काढला तर सगळं पाणी पायावर. बहुतेकदा आत हेअरपिन, बटण किंवा हरवलेला एखादा छोटा मोजा सापडतो.